माळव्याची थंडी आणि परसातली बटर लेट्यूस

उत्तर हिंदुस्थानात बनारसची पहाट, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र यांची थोरवी एका दमात सांगण्याची जुनी रीत आहे. रसिकांनी माळव्याच्या रात्रीचे कौतुक केले ते तिच्या चांदण्यासाठी आणि झुळुकीसाठी. परंतु परसात दोन-चार वाफे करणाऱ्या गृहस्थाला त्या रात्रीचा जो उपयोग आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. धार आणि देवास ही दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून 500 ते 600 मीटर उंचीच्या पठारावर वसलेली आहेत. दिवाळी उलटली की तेथील रात्री झपाट्याने गार होऊ लागतात. पौषात पहाटेचा पारा 10 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो, आणि दिवस मात्र स्वच्छ उन्हाचे, 25 ते 27 अंशांचे राहतात. ज्या कोवळ्या पानभाजीविषयी येथे सांगावयाचे आहे, तिला नेमके हेच हवे असते.

ही भाजी म्हणजे बटर लेट्यूस. नावात लोणी असले तरी लोण्याशी तिचा संबंध एवढाच की, तिचे पान विलक्षण मऊ असते आणि जिभेवर ठेवताच विरघळल्यासारखे वाटते. कोबीसारखा घट्ट गड्डा ती धरत नाही; पाने एकमेकांवर सैलसर मिटतात आणि आत पिवळसर, तुकतुकीत गाभा तयार होतो. एकूण लेट्यूस हा पाहुणा मात्र माळव्याला अगदीच अनोळखी नाही. युनानी वैद्यकात तिचे नाव 'काहू', आणि झोप येण्यासाठी हकीम ज्या बिया सांगतात त्या 'तुख्म-ए-काहू' म्हणजे हिच्याच जातीच्या बिया. मराठीत तिला 'सालीट' असेही नाव आहे. सूर्यफूल, शेवंती आणि करडई यांच्या कुळातली ही वनस्पती. खोड कापले असता तिच्यातून दुधासारखा चीक येतो, आणि झोपेच्या औषधाची ख्याती तिला मिळाली ती मुख्यतः या चिकामुळे. प्राचीन मिसर देशातील लोक मीन नावाच्या देवतेला लेट्यूस वाहत असत. तेव्हा विलायती हॉटेलांनी ती काल-परवा शोधून काढली, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

शहरात जी लेट्यूस विकत मिळते ती बहुधा आइसबर्ग जातीची, कडक आणि कुरकुरीत असते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातून आगगाडीच्या डब्यांत बर्फाखाली दडपून ती दूरदूरच्या शहरांना धाडली जाई. तो प्रवास तिला मानवला आणि म्हणून ती जगभर पसरली. बटर लेट्यूसला असला प्रवास सोसत नाही. तिच्या पानाला बोटाचा दाब पडला तरी तेथे तपकिरी डाग उमटतो. टोपलीत खाली सापडलेला गड्डा दुपारपर्यंत मान टाकतो. बाजाराला जी भाजी परवडत नाही ती भाजी खाऊ इच्छिणाऱ्याने स्वतःच लावली पाहिजे, हा साधा हिशेब आहे. आणि घरच्या परसाचे महत्त्व या भाजीच्या बाबतीत मेथी-कोथिंबिरीपेक्षाही अधिक आहे ते याच कारणाने. मेथीची जुडी विकत घेता येते. ताजी बटर लेट्यूस मात्र धार किंवा देवासच्या मंडईत शोधण्यापेक्षा आपल्या अंगणात पाहणे शहाणपणाचे.

देवासच्या बागांची एक जुनी गंमत येथे आठवते. 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक लिहिणारा इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हा 1921 साली देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्याकडे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला होता. दरबाराने त्याच्यावर ज्या कामांची जबाबदारी टाकली, त्यांत मोटारी, अतिथिगृह आणि वीजघर यांच्या बरोबरीने बागाही होत्या. गृहस्थ आला तो वसंतात, आणि थंडी पडू लागताच देवास सोडून हैदराबादेकडे निघून गेला. म्हणजे वैशाखाचा वणवा आणि पावसाळ्याचा चिखल एवढे त्याच्या वाट्याला आले, आणि माळव्यात परदेशी भाजीपाला ज्या ऋतूत बहरतो तो ऋतू त्याच्या हाती लागलाच नाही. माळव्यात बागकाम करू पाहणाऱ्या नवख्याचे आजही असेच होते. पावसाळ्यात सगळे हिरवेगार दिसते म्हणून तो आषाढात बियांची पाकिटे आणतो, आणि भाद्रपदात बी खोटे निघाले म्हणून दुकानदाराला दूषणे देतो.

बी खोटे नसते. ते झोपलेले असते. लेट्यूसचे बी उगवण्यास 15 ते 20 अंश तापमान उत्तम. जमीन 30 अंशांच्या वर तापलेली असली म्हणजे बहुतेक वाणांचे बी ओल मिळूनही उगवत नाही. मूळची रानटी जात उन्हाळ्याच्या अवेळी पावसाला फसू नये म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज आहे. यावर उपाय घरातच असतो. ओल्या फडक्यात बी पसरून ती पुरचुंडी पाण्याच्या माठाच्या बुडाशी, जेथे सदैव गारवा आणि ओल असते तेथे, दोन रात्री ठेवावी. पांढरा अंकुर सुईच्या टोकाएवढा दिसू लागला की बी वाफ्यात टाकावे. शीतकपाट असेल त्याने ते वापरावे, पण माठाचे काम त्याहून फारसे उणे नाही.

उष्णतेइतकीच या बियांना दुसऱ्या एका गोष्टीची जाण असते, ती म्हणजे उजेडाची. 1952 साली अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी कृषिसंशोधन केंद्रात हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी यांनी लेट्यूसच्या भिजवलेल्या बियांवर एक प्रयोग केला. बियांवर तांबडा प्रकाश टाकला की त्या उगवत. त्यानंतर लगेच, डोळ्यांना जेमतेम दिसेल असा अतितांबडा प्रकाश टाकला की त्या उगवण्याचे थांबत. पुन्हा तांबडा टाकला की पुन्हा उगवत. असे कितीही वेळा केले तरी शेवटचा प्रकाश कोणता, यावरच बियांचा निर्णय ठरे. या शोधातून पुढे वनस्पतींच्या अंगी असलेले फायटोक्रोम नावाचे प्रकाशग्राही द्रव्य हाती आले, आणि झाडे ऋतू कसा ओळखतात, या जुन्या कोड्याचा मोठा भाग उलगडला. इतके मोठे गुपित फोडण्याचे श्रेय राईहूनही हलक्या अशा लेट्यूसच्या बियांकडे जावे, ही गोष्ट कोणत्याही बागवानाला सुखावणारी आहे.

परसातल्या माणसाने यातून घ्यावयाचे ते इतकेच. हिरव्या पानांतून गाळून येणाऱ्या उजेडात तांबडा भाग जवळजवळ उरत नाही आणि अतितांबडा मात्र उरतो. म्हणून आंब्याच्या किंवा पेरूच्या दाट सावलीत टाकलेले बी आपल्या डोक्यावर दुसऱ्या झाडाचे राज्य आहे असे समजून स्वस्थ राहते. बी मातीत खोल गाडले तरी तेच घडते. सगळ्याच वाणांत ही सवय सारखी तीव्र नसते; तरीही बी वर-वर विखरून त्यावर चाळलेल्या खताची अर्ध्या सेंटीमीटरहून कमी जाडीची भुरभुर द्यावी, हे बरे. एका ग्रॅममध्ये सुमारे हजारभर बिया भरतात, तेव्हा चिमटीत घेताना हात आखडता ठेवावा. मुंग्या हे बी उचलून नेतात. पहिले चार दिवस पाळत ठेवावी लागते.

आता मातीविषयी. माळव्याची काळी माती कापूस, गहू आणि सोयाबीन यांना लाभदायक खरी, पण लेट्यूसच्या नाजूक आणि उथळ मुळांना ती तशीच्या तशी मानवत नाही. ओली झाली की ती चिकट होते आणि पाणी धरून ठेवते; वाळली की तिला भेगा पडून मुळे तुटतात. शिवाय तिचा गुण थोडा क्षारधर्मी असतो. म्हणून येथे गादीवाफाच करावा. एक मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि वीतभर उंच असा वाफा पुरे. काळ्या मातीत तिच्या निम्म्याने पूर्ण कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत मिसळावे, नदीची जाडसर वाळू असेल तर तीही दोन घमेली घालावी. पहिले पाणी देऊन वाफसा येईपर्यंत थांबावे आणि मग माती भुसभुशीत करावी. ज्यांचे अंगण फरशीचे आहे त्यांनी वीतभर खोल कुंड्या किंवा लाकडी खोकी वापरावीत. या भाजीला त्याहून खोल जागेची गरज पडत नाही. जागा निवडताना सकाळचे ऊन भरपूर आणि दुपारी दोननंतर भिंतीची सावली, असा कोपरा मिळाला तर सोने.

पहिली पेरणी दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या मध्यास करावी, आणि त्यानंतर दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे बी टाकीत डिसेंबरच्या मध्यापर्यंत जावे. एकदम सगळे बी पेरले तर सगळे गड्डे एकाच आठवड्यात तयार होतात आणि शेजाऱ्यांना वाटूनही संपत नाहीत. तीन-चार आठवड्यांत रोपांना चार-पाच पाने आली की संध्याकाळी, वाफा ओला करून, 25 सेंटीमीटर अंतराने त्यांची पुनर्लागण करावी. रोपाचा गाभा मातीत बुडता कामा नये. बुडाला की कुजतो. नवशिक्याचे निम्मे नुकसान या एका चुकीने होते.

यानंतरची सगळी मदार पाण्यावर आहे, आणि माळव्यात पाण्याविषयी सैलपणाने बोलता येत नाही. 'पग पग रोटी, डग डग नीर' अशी ज्या माळव्याची ख्याती, त्याच माळव्यातील देवास शहराला 1990 च्या उन्हाळ्यात इंदूरहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. तलाव आणि विहिरी यांकडे पाठ फिरवून कूपनलिकांच्या मागे लागल्याचा तो परिणाम होता. पुढे त्याच शहरात छपरावरचे पावसाचे पाणी गाळून कूपनलिकेत उतरवण्याची साधी युक्ती रूढ झाली, आणि ती आज 'देवास फिल्टर' या नावाने इतरत्रही ओळखली जाते. अशा गावी, शंभरांतले 95 भाग पाणीच असणारी भाजी लावणे हा चैनीचा प्रकार नव्हे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त म्हटला पाहिजे.

त्याचे उत्तर हिशेबानेच द्यावे. वर सांगितलेल्या दोन चौरस मीटरांच्या वाफ्यात 32 रोपे बसतात. हिवाळ्यात अशा वाफ्याला रोज अदमासे सात लिटर पाणी पुरते. पुनर्लागणीपासून काढणीपर्यंतचे 45 दिवस धरले तर एकूण सव्वातीनशे लिटरांच्या आत काम भागते, म्हणजे गड्ड्यामागे सुमारे 10 लिटर. वाफ्यावर वाळलेल्या गवताचे किंवा सोयाबीनच्या भुश्याचे आच्छादन दिले तर हा आकडा आणखी खाली येतो. हे पीक उन्हाळ्यातले नाही, ही त्याहून मोठी जमेची बाजू. विहिरीला पाणी असते त्याच महिन्यांत ते येते आणि टंचाई सुरू होण्यापूर्वी संपते. पाणी रोज थोडे, ठरलेल्या वेळी आणि मुळाशी द्यावे. चार दिवस विसरून पाचव्या दिवशी पाट सोडला तर आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. तो रोग नव्हे. पाण्याचा ओघ तुटल्याने कोवळ्या पानांपर्यंत चुना पोहोचत नाही, म्हणून त्या कडा मरतात. कुमार गंधर्व 1948 साली ज्या कोरड्या हवेसाठी देवासला राहायला आले, ती हवा फुप्फुसाला हितकर असली तरी पानातली ओल भराभर शोषून घेते, हे लक्षात असू द्यावे.

पाणी किती, यापेक्षाही ते कसले, हा प्रश्न गंभीर आहे. पालक-मेथी शिजते, लेट्यूस शिजत नाही. गावच्या गटारी नाल्यावर वाढवलेल्या पालेभाज्या सर्वत्रच बाजारात येतात. त्या कच्च्या खाल्ल्या तर जंत, आमांश आणि विषमज्वर यांना आमंत्रण दिल्यासारखे होते. या भाजीच्या पानांच्या घड्यांत अडकलेली घाण कितीही धुतली तरी पुरती निघेल याची हमी नसते. म्हणून मोरीचे किंवा साबणाचे पाणी या वाफ्याकडे वळवूच नये. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते. ताजे शेण तर सर्वस्वी वर्ज्य. खत निदान सहा महिने कुजलेले, मातीसारखा वास येणारे असावे. कीटकनाशकांच्या फवाऱ्यालाही हाच न्याय. मावा पडला तर झारीच्या धारेने तो धुऊन काढावा, गोगलगाई रात्री दिवा घेऊन वेचाव्यात, आणि खोडाशी रोप कुरतडणारी अळी सकाळी माती उकरून शोधावी. बत्तीस रोपांसाठी एवढे करणे अवघड नाही; बत्तीस हजार असती तर गोष्ट वेगळी होती.

पौषात एखाद्या निरभ्र रात्री पाला पडतो. बटर लेट्यूस हलका पाला सोसते, मात्र गारठून काचेसारखी झालेली पाने ऊन येऊन मोकळी होईपर्यंत त्यांना हात लावू नये. हात लागला की ती काळी पडतात.

काढणीची वेळ ओळखणे हा या सगळ्या कामातील खरा आनंदाचा भाग. गड्डा कडक होण्याची वाट पाहणारा माणूस फसतो, कारण तो कडक होतच नाही. गाभ्यावर तळहाताने हलके दाबून पाहावे; आत उशीसारखा भरीवपणा लागला की गड्डा तयार झाला. पेरणीपासून यास साधारण 60 ते 75 दिवस लागतात. तोडणी उजाडतानाच करावी. रात्रभराच्या गारव्याने पानांत पाणी भरलेले असते आणि ती ताठ, गोड लागतात. तोच गड्डा दुपारी काढला तर मलूल निघतो. धारदार सुरीने खालची दोन-तीन पाने आणि बोटभर खुंट ठेवून कापावे. त्या खुंटाला पुन्हा फुटवे येतात, आणि लहानशी का होईना, दुसरी तोड मिळते. ज्यांना घरापुरतीच चार पाने हवी असतील त्यांनी गड्डा न कापता बाहेरची पाने एक-एक खुडत राहावे. पिवळा गाभा अधिक नाजूक म्हणून तो खावा आणि बाहेरची गर्द पाने टाकावीत, ही शहरी रीत चुकीची आहे. अ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते द्रव्य गर्द हिरव्या पानांतच जास्त असते.

पाने तीन पाण्यांत धुऊन, स्वच्छ फडक्यावर निथळून, ओलसर कापडात गुंडाळून ठेवावीत. मराठी घरात त्यांचे काय करावे, याचा फार विचार पडत नाही. दाण्याचे कूट, लिंबू, मीठ आणि चिमूटभर साखर घालून ऐनवेळी कालवलेली कोशिंबीर उत्तम होते. फोडणी द्यावयाचीच तर ती गार करून घालावी, एरवी पाने क्षणात लोळतात. मीठ आधी घातले तरी तसेच. माळव्यातल्या मंडळींनी पानात चमचाभर शेव आणि बारीक चिरलेला कांदा ठेवून त्याची सुरळी करून पाहावी. शेवेचा तिखटपणा आणि पानाचा गारवा यांची जोडी जमते.

महाशिवरात्र जवळ आली की या भाजीचा मूड पालटतो. दिवस लांबतात, ऊन चढते, आणि गाभ्यातून एक दांडा वर सरकू लागतो. त्याबरोबर पानांत चीक वाढतो आणि त्यातल्या द्रव्यांमुळे पाने कडू होतात. जादा पाणी घालून, सावली करून हा क्षण आठ-दहा दिवस पुढे ढकलता येतो, टाळता येत नाही. दांडा दिसला की उरलेले गड्डे त्याच दिवशी उतरवावेत. मात्र वाफ्यातले सर्वांत उशिरा फुलोऱ्यावर येणारे एक चांगले रोप राखून ठेवावे. उशिरा फुलण्याचा त्याचा गुण पुढच्या पिकात उतरतो. कंबरेइतक्या उंच वाढलेल्या या रोपाला शेवंतीच्या कुळाला शोभणारी छोटी पिवळी फुले येतात, आणि प्रत्येक फूल एका सकाळीच उमलून कायमचे मिटते. परागीभवन फुलातल्या फुलातच होत असल्यामुळे बी जातिवंत राहते. दोन-तीन आठवड्यांत फुलाच्या जागी पांढऱ्या केसांचे झुबके दिसू लागले की चैत्राचा वारा ते उडवून नेण्यापूर्वी कागदाच्या पिशवीत झटकून घ्यावेत. सगळे झुबके एकदम पिकत नाहीत, म्हणून हे काम पाच-सहा सकाळी करावे लागते. बी सुपात पाखडून, सावलीत वाळवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावे. बाटली मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घरातल्या गार कोपऱ्यात ठेवावी, आणि तिच्यावर सालाबरोबर वाणाचे नावही लिहून ठेवावे.